वृक्षांचे स्थलांतर आणि आपला बांध

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात, परभणी येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. अशा प्रसंगी शिक्षण, हुंडा, व्यसनमुक्ती, मुलामुलींचे वसतिगृह हे विषय बहुधा येतात, व ते यावयासच हवेत. परंतु त्यांवर बोलण्यास आमच्याहून अधिकारी माणसे येथे बसलेली आहेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढील सारे आयुष्य या जिल्ह्यातील निरनिराळ्या गावी मुलांना भूगोल व गणित शिकविण्यात गेले. म्हणून भूगोलातीलच एक प्रश्न थोड्याशा गणिताच्या साहाय्याने आपणापुढे मांडावा असे योजिले आहे. हवामान तापू लागले म्हणजे वने आपली जागा सोडून दुसरीकडे जातात काय? जात असतील तर कशी जातात? आणि आपल्या परभणी जिल्ह्यातील झाडांनी जावयाचे म्हटले तर त्यांना वाट आहे काय?

प्रथमदर्शनी हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. झाड एकदा रुजले की जन्मभर त्याच ठिकाणी उभे राहते, हे लहान मुलासही ठाऊक आहे. पण वनाची गोष्ट निराळी आहे. आपल्या जुन्या गावांचा दाखला घ्या. घरे उठून चालत नाहीत. तरी नदीकडची आळी पुरामुळे ओस पडते, माळाकडे नवी घरे उठतात, आणि शंभर वर्षांनी पाहावे तो गावाची पांढरी जुन्या जागेपासून फर्लांगभर सरकलेली असते. वनाचेही तसेच होते. एका कडेला जुनी झाडे वठतात व त्यांच्याखाली नवी रोपे तग धरीत नाहीत. दुसऱ्या कडेला वाऱ्याने, पाण्याने किंवा पाखरांनी नेलेले बी रुजते. झाड जागचे हलत नाही, तरी पिढ्यांमागून पिढ्या वन पुढे सरकते.

हा प्रकार सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालला आहे तो पृथ्वीच्या उत्तर भागात. कॅनडा, अलास्का, नॉर्वे-स्वीडन आणि सैबेरिया या देशांतून सूचिपर्णी वृक्षांचा एक विस्तीर्ण पट्टा पसरला आहे. त्याला तैगा म्हणतात. स्प्रूस, लार्च, पाइन ही तेथील मुख्य झाडे, आणि आपल्या हिमालयातील भूर्जाचे भाऊबंदही तेथे आहेत. या पट्ट्याच्या उत्तरेस इतकी थंडी असते की झाड वाढत नाही. तेथे शेवाळ व खुरटी झुडपे एवढीच काय ती वनस्पती. या प्रदेशास टुंड्रा म्हणतात. शेवटचे हिमयुग सुमारे अकरा हजार सातशे वर्षांपूर्वी संपले. तेव्हा बर्फ जसजसे मागे हटले, तसतशी वने त्याच्यामागून उत्तरेकडे गेली.

ती इतक्या लवकर कशी पोहोचली, हे कोडे इंग्लंडमधील क्लेमेंट रीड या भूशास्त्रज्ञाने १८९९ साली मांडले. ओकचे फळ जड असते, ते झाडाखालीच पडते. त्या हिशेबाने ओक वृक्षास ब्रिटनच्या उत्तर टोकापर्यंत जाण्यास लाखो वर्षे लागावयास हवी होती. तो तर त्या मानाने फारच थोड्या काळात पोहोचला. मग त्याचे बी कोणीतरी वाहून नेले असले पाहिजे. हे वाहक म्हणजे पक्षी, असे रीडने अनुमान काढले. आमच्या मते या विषयातील मर्म येथेच आहे. वनाच्या प्रवासास नुसते अनुकूल हवामान पुरत नाही. बी नेणारा कोणी लागतो, आणि ते जेथे पडेल तेथे मोकळी जमीन लागते.

आता पृथ्वी पुन्हा तापत आहे, आणि या वेळी कारण मनुष्याचे आहे. कोळसा व खनिज तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, त्याचा हा परिणाम. कारखानदारीच्या आरंभीच्या काळाशी तुलना करता २०२४ हे साल सुमारे दीड अंश सेल्सिअसने अधिक उष्ण होते. मोजणीची साधने आल्यापासून इतके उष्ण वर्ष दुसरे नोंदले गेलेले नाही. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश तर उरलेल्या पृथ्वीपेक्षा पुष्कळच वेगाने तापत आहे. अलास्कातील ब्रूक्स पर्वतरांगेपलीकडे टुंड्रामध्ये पांढऱ्या स्प्रूसची तरुण झाडे वाढत असल्याचे शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ही झाडे दर दहा वर्षांस चार किलोमीटरांहून अधिक वेगाने उत्तरेस जात आहेत. झाडांच्या मानाने ही धाव म्हटली पाहिजे.

पण सगळीकडे अशी धाव नाही. बहुतेक ठिकाणी हवामान पुढे जाते आणि वन मागे राहते. शिवाय दक्षिणेच्या कडेला नुकसान वेगाने होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पूर्वी हिवाळ्यातील कडक थंडीने पाइन वृक्ष पोखरणारे भुंगेरे मरत असत. हिवाळे सौम्य झाले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून या किड्याने तेथील पाइनची अफाट वने वाळवून टाकली. वणवेही वाढले. वाढीची कड सावकाश पुढे जाते, मरणाची कड झपाट्याने येते. जमाखर्चात खर्चाची बाजू जड व्हावी, तशी ही स्थिती आहे. तेथील सरकारला लार्चची रोपे त्याच्या जुन्या सीमेपलीकडे लावण्याची मुभा द्यावी लागली, ती यामुळेच. बी वाहण्याचे पाखरांचे काम तेथे माणसांनी अंगावर घेतले आहे.

कोणी म्हणेल, उत्तरेकडील या बर्फाळ मुलखाशी आम्हां गोदाकाठच्या लोकांचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या उंबरठ्यावर आहे.

जिंतूरहून उत्तर-वायव्येकडे रेघ ओढली तर पन्नास किलोमीटरांच्या आत बुलढाणा जिल्ह्यातील लोणार लागते. उल्कापाताने झालेले हे सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मधोमध खाऱ्या पाण्याचे सरोवर, उतारावर झाडी, आणि काठाबाहेर शेते. या सरोवराच्या तळाशी हजारो वर्षे गाळ साचत आला आहे. दरवर्षी भोवतालच्या झाडांचे व गवताचे परागकण वाऱ्याबरोबर येतात, पाण्यात पडतात आणि गाळात गाडले जातात. परागकणाचे कवच मोठे चिवट असते. ते हजारो वर्षे कुजत नाही. प्रत्येक जातीच्या कणाची घडण निराळी असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतात. आपल्या देशात या विद्येचा पाया बिरबल साहनी यांनी घातला, आणि त्यासाठी १९४६ साली लखनौ येथे संस्था स्थापन केली.

भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षांचा इतिहास थरावर थर लिहिलेला आहे. त्याच्या अभ्यासाचा एक मोठा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो असा की, गेल्या सहा हजार वर्षांत पावसाळा हळूहळू दुबळा होत गेला, त्यामुळे या प्रदेशातील वने मागे हटली, आणि विरळ झाडी व गवताचे माळ यांनी त्यांची जागा घेतली. हा बदल माणसाच्या कुऱ्हाडीने किंवा वणव्याने घडला नाही, पावसाने घडविला. वने विरळ झाल्यानंतर येथे शेती आली व वस्ती स्थिरावली, असे त्या अभ्यासकांचे मत आहे.

बंधूंनो, या निष्कर्षातून आपणांस दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, वनांचे सरकणे ही केवळ बर्फाळ देशांची कथा नाही. येलदरीच्या पाण्यापासून थोड्याच अंतरावर ती पूर्वी घडून गेली आहे. तिकडे वनाची सीमा थंडी ठरविते, येथे ती पाऊस ठरवितो, एवढाच फरक. दुसरी गोष्ट ही की, आपली गवताळ माळराने म्हणजे सारी तोडलेली जंगले, ही समजूत बरोबर नाही. ती हजारो वर्षांची जुनी आहेत, आणि काळवीट, ससा, लांडगा, चंडोल यांचे ते घर आहे. तेव्हा मोकळा माळ दिसला की तेथे खड्डे खणावेत, असे करून चालणार नाही. याचा उल्लेख पुढे येईलच.

आता आजच्या स्थितीकडे वळू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेला अहवाल केंद्र सरकारने २०२० साली प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात पावसाळ्यातील पाऊस शेकडा सहाच्या आसपास घटला, आणि त्याच सुमारास मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरांहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग शेकडा पंचाहत्तरांनी वाढले. याचा अनुभव आपण घेतलाच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी आपल्याच जिल्ह्यात एका-दोन दिवसांच्या पावसाने उभी पिके पाण्याखाली गेली. मोठ्या झाडाची मुळे हे दोन्ही सोसतात. कोवळे रोप मात्र उन्हात करपते किंवा लोंढ्यात वाहून जाते. आणि रोपे जगली नाहीत तर वन म्हातारे होते. वरून हिरवे दिसते, खाली पुढची पिढी नसते.

अशा वेळी झाडांनी जावे कोठे? पर्वत असेल तर झाड वर चढू शकते. उंची एक हजार मीटरांनी वाढली की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे एका अंशासाठी दीडशे मीटर चढले तरी पुरे. हिमालयातील भूर्जास ही सोय आहे. आपल्याकडे ती कोठली? परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर आहे, आणि जिंतूरकडील डोंगर किंवा गंगाखेडकडील बालाघाटाचे फाटे त्याहून एकदोनशे मीटरच उंच आहेत. एखाद-दुसऱ्या अंशातच आपला डोंगर संपतो.

राहिली वाट ओलाव्याची. मराठवाड्यात पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो. बीडपेक्षा परभणीस अधिक, परभणीपेक्षा नांदेडास अधिक, आणि किनवटच्या सागवनात त्याहूनही अधिक. म्हणजे आपल्या झाडांची दिशा उत्तर नसून पूर्व आहे. नकाशा पाहाल तर जिंतूर व किनवट जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर.

येथे थोडे गणित करू. समजा, एखादे झाड दहाव्या वर्षी फळास येते, आणि त्याचे बी वाऱ्याने शंभर मीटर जाते. शंभर वर्षांत दहा पिढ्या झाल्या, म्हणजे वन एक किलोमीटर पुढे गेले. दीडशे किलोमीटरांस पंधरा हजार वर्षे लागली! आता समजा, ते बी वटवाघळाने किंवा पाखराने दर पिढीस एक किलोमीटर नेले, तरी दीड हजार वर्षे होतात. हवामान एवढी वाट पाहत नाही. जो बदल लोणारच्या गाळात हजारो वर्षांच्या थरांतून दिसतो, तसा बदल या वेळी आपल्या नातवंडांच्या हयातीत होऊ घातला आहे.

आणि हे गणितही वाट मोकळी आहे असे धरून केलेले आहे. अलास्कातील स्प्रूसपुढे रिकामा टुंड्रा आहे. आपल्या पळसापुढे, धावड्यापुढे, मोहापुढे काय आहे? सोयाबीन व कापसाची सलग शेते, रुंद केलेले रस्ते, कालवे आणि वाढती गावे. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने सपाट प्रदेशात शेकडा वीस भूमी वनाखाली असावी असे सांगितले होते. आपल्या जिल्ह्यात ती शेकडा दोनही नाही. जी आहे ती तुकड्या-तुकड्यांत. समुद्रात लहान बेटे असावीत, तशी ही वने शेतांच्या समुद्रात उभी आहेत. बी उडाले तर नांगराखाली जाते, आणि पाखरू निघाले तर त्यास बसावयास फांदी नाही.

मग हात जोडून बसावयाचे काय? आमच्या मते मुळीच नाही. आपण परिस्थिती बारकाईने पाहिली तर एक वाट अजून शिल्लक आहे, आणि ती आपल्याच सातबाऱ्यावर आहे. ती म्हणजे शेताचा बांध आणि ओढ्याचा काठ. ओढ्याकाठी आजही करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा ही ओलाव्याची झाडे कोठे कोठे दिसतात. बांधावर निंब, बाभूळ, हिवर, बोर दिसतात. उंबराचे फळ वटवाघूळ नेते, निंबोणी पाखरे नेतात, बाभळीची शेंग शेळी खाते व तिचे बी दूर टाकते. म्हणजे वाहक अजून आहेत. त्यांना मुक्काम मात्र हवेत. आपल्या ज्ञातीतील पहिली मुले जेव्हा शिकण्यास परगावी गेली, तेव्हा वाटेत कोणा नातेवाइकाचे घर, पुढे वसतिगृहातील एक खोली, असे मुक्काम होते म्हणून ती पोहोचली. एकदम कोणी पुण्या-मुंबईस उडी मारली नाही. झाडांचेही तसेच आहे. कोसाकोसावर चार झाडांचा पुंजका असेल तर बी टप्प्याटप्प्याने पुढे जाते.

याविरुद्ध जे आक्षेप येतात ते आम्हांस ठाऊक आहेत, आणि ते खोटे नाहीत. बांधावरील झाडाच्या सावलीने दोन तासांतील पीक खुंटते. यंत्र वळविण्यास अडचण होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भावाभावांत वाटणी झाली की सामायिक बांधावरील झाड कोणाचे, यावरून तंटा होतो, आणि तंटा मिटविण्याचा सोपा उपाय म्हणून झाडच तोडले जाते. निंबाचे जे झाड आजोबांनी राखले, ते नातवांच्या वाटणीत सरपण होते. दुष्काळात पाहिजे ती सावली व गुरांचा पाला मग विकत मिळत नाही.

म्हणून ज्ञातिसंघापुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवितो.

पहिली सूचना वाटणीपत्राविषयी. आपल्या कुटुंबांत वाटणी होताना सामायिक बांधावरील झाडे सामायिकच राहतील, फळ व पाला दोघांचा, आणि तोड दोघांच्या संमतीवाचून नाही, असे एक कलम लिहून ठेवावे. कागदावर दोन ओळी वाढतील, पण एक तंटा व एक झाड दोन्ही वाचतील.

दुसरी सूचना बियांविषयी. शोभेची किंवा झटपट वाढणारी परदेशी झाडे लावून वनाची वाट होत नाही. ज्या झाडाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि २०१५ चाही सोसला, असे झाड आपल्या शिवारात शोधावे व त्याचे बी धरावे. रब्बी ज्वारीचे कणीस निवडताना आपल्या आजीबाई जो चोखंदळपणा दाखवीत, तोच येथे हवा. बीडकडील कोरड्या मुलखात आपले सोयरे आहेत, तेथून हिवर, खैर, सालई यांचे बी आणावे. किनवटकडील सोयऱ्यांस आपल्याकडील बी द्यावे. सोयरिकीच्या वाटेने बीही जाऊ द्या.

तिसरी सूचना जागेविषयी. ओढ्याचा काठ, नाल्याची घळ, शेताचा बांध आणि देवस्थानाभोवतालची जागा येथे झाडे लावावीत. गवताळ माळ मात्र गवतासाठी राखावा. गुरे, हरणे व मातीतील ओल या तिन्हींचे त्यातच हित आहे. २०१९ साली राज्यात तेहतीस कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला होता. असे संकल्प चांगलेच, परंतु आपणांस संख्येपेक्षा जागा व जात अधिक पाहावयाची आहे. शंका पडल्यास येथील कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दारी आहे. तेथे विचारावे.

चौथी सूचना भगिनींसाठी व मुलांसाठी. लग्नकार्यात हारतुऱ्यांवर जो खर्च होतो त्याऐवजी वधूवरांच्या दोन्ही गावी एकेक झाड लावावे, आणि तीन उन्हाळे त्यास पाणी घालण्याचा भार घरातील एका मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करावा. लावणे एका दिवसाचे काम आहे, जगविणे तीन वर्षांचे. पुढील स्मरणिकेत लावलेल्या झाडांची यादी छापू नये. तीन उन्हाळे काढून जगलेल्या झाडांचीच यादी छापावी, अशी आमची संपादक मंडळास विनंती आहे.

एवढ्याने जगाचे तापणे थांबेल असे आम्ही म्हणत नाही. ते थांबविण्यासाठी देशोदेशींच्या सरकारांना कोळसा व तेल यांचा वापर कमी करावा लागेल, आणि मतदार म्हणून आपणही तसा आग्रह धरला पाहिजे. परंतु सरकार कितीही मोठे असले तरी आपल्या बांधावर येऊन ते झाड राखीत नाही. जिल्ह्यातील नऊ तालुक्यांत आपली कुटुंबे विखुरलेली आहेत, आणि शेजारच्या जिल्ह्यांतही आपले आप्त आहेत. ही विखुरलेली स्थिती एरवी आपणांस दुर्बल करते असे आपण म्हणतो. वृक्षांच्या कामी तीच उपयोगी पडणारी आहे. प्रत्येक शिवारात एक पुंजका राहिला, तर बालाघाटापासून किनवटपर्यंत मुक्कामांची ओळ तयार होईल. तिच्यावरून पाखरे जातील, पाखरांबरोबर बी जाईल, आणि आज ज्या वनास वाट नाही त्यास ती मिळेल.

 उन्हाळ्याच्या अखेरीस निंबोण्या पिकतील आणि जांभळेही येतील. त्यांतील चार बिया मुलांच्या हाती द्याव्यात, एवढीच शेवटची विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!